पत्र्यावरचं रेडऑक्साइड

बिनतारीअण्णा समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. मान खाली, डोळे मिटलेले आणि डावा कान पुढे, असं ऐकत. "तोंड गोड दिसतंय पर आवाज खरखरतोय, हे कानालाच कळतं बग," म्हणत. मला त्या कानाची पहिल्या दिवसापासून धास्ती होती.

लष्करात बिनतारी यंत्रं दुरुस्त करून ते निवृत्त झाले आणि उमापुरात रेडिओदुरुस्तीचं दुकान टाकून बसले. आमच्या सहकारी साखर कारखान्यात तेव्हा दुष्काळानं दोन हंगाम गाळप नव्हतं. वसाहत टँकरवर जगत होती. अशात आमच्या इंजिनियर साहेबांनी रिकाम्या गोदामात विमान बांधायला काढलं. लाकडी सांगाडा, वर कापड, दोन माणसं बसतील एवढं. "प्यायला पाणी न्हाई अन् निघाले उडायला," असं म्हणत लोक हसायचे. मी हसत नव्हतो. बाकीच्या फिटरांना घरी बसवलं होतं आणि मला, सातवीतून शाळा सोडलेल्या दोन लेकरांच्या बापाला, विमानापुरतं हजेरीवर ठेवलं होतं.

विमानात रेडिओ बसवायला साहेबांनी अण्णांना बोलावलं. त्यांची चाचणीची रीत न्यारी. मी हातातला सेट घेऊन मोटारसायकलवर दूर दूर जायचं आणि ते विमानात बसून धान्यं म्हणायचे, "ज्वारी... बाजरी... तूर... करडई..." पहिल्याच दिवशी कोरड्या तलावापलीकडे मला करडई लख्ख ऐकू आली. परत आलो तर म्हणाले, "करडई पोचली? मंग पीक आलं म्हनायचं यंदा."

दुसऱ्या दिवशी ते गावी गेलते. कारखान्यातली शिस्त अशी की गाळप थांबलं की जे लोखंड उघडं दिसेल त्याला गंजू नये म्हणून लाल रंग, रेडऑक्साइड फासायचं. बारा वर्षं माझ्या हाताला तेच वळण. अँटेनाची दांडी ज्या पत्र्यावर बसवली होती तो मला उघडा दिसला. दांडी खोलली, पत्रा दोन्ही अंगांनी लाल केला, वाळवला आणि सगळं होतं तसं आवळून ठेवलं. साहेब खूश होतील असं वाटलं.

अण्णा आले. पुन्हा चाचणी. आता फाटकाशीच बाजरीच्या पुढं खरखर. मी सेटवर बोललेलं मात्र त्यांना विमानात स्वच्छ ऐकू जात होतं.

"परवापसून काय बदललं रे?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

"काहीच न्हाई, अण्णा."

पत्र्याचं माझ्या मनात आलं होतं. खात्री नव्हती, पण आलं होतं. हजेरी जाईल या भीतीनं जीभ उचलली नाही.

मग चार दिवस तो म्हातारा पत्र्याच्या छपराखाली भाजत राहिला. बोलायचं बटण दाबल्यावर बॅटरी बसते का पाहिलं. माईक बदलला. केबल नवी ओढली, तिच्या टोकांना दोनदा डाग दिला. मी पकड हातात देत होतो, पाण्याचा तांब्या देत होतो, त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच देत नव्हतो.

पाचव्या दिवशी तपासणीचे अधिकारी आले. दूर उभ्या गाडीत त्यांना खरखरीशिवाय काही ऐकू आलं नाही. "रेडिओचं काम कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. सगळे अण्णांकडे बघू लागले. मीसुद्धा.

"राहू द्या अण्णा, मी पुण्याहून माणूस बोलावतो," साहेब म्हणाले.

अण्णांनी हत्यारं पिशवीत भरली. मग काय मनात आलं, परत फिरले आणि दांडीचे चार बोल्ट खोलले. खाली लाल रंग. लाकडाच्या विमानात हा पत्रा म्हणजे अँटेनाच्या पायाखालची जमीन, धातूला धातू लागलाच पाहिजे. मधे रंग आला आणि आवाजाचं बळ गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा, उघड्या डोळ्यांनी. मग चाकूनं पत्रा चकचकीत खरडला, दांडी बसवली आणि मला तलावाकडं धाडलं. करडई आली.

परतलो तेव्हा ते साहेबांना सांगत होते, "पत्रा खरडायचा माझाच ऱ्हायला, साहेब."

"एवढी साधी गोष्ट, अण्णा? वय झालं तुमचं."

"व्हय, झालं."

मी तिथंच उभा होतो. रेडऑक्साइडचा डबा मागच्या फळीवर होता.

फाट्यापर्यंत त्यांची पिशवी मी नेली. एसटीत चढताना तेवढं बोलले, "लेकराबाळाचा हायेस. पर पुन्यांदा कुनी इचारलं, काय बदललं, तर सांगत जा बाबा. मानसाचे चार दिस वाचतात." त्या कारखान्यात त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

कारखाना काही सुरू झाला नाही. पुढं अण्णांनीच बंगळूरच्या एका जुन्या सोबत्याला पत्र लिहिलं, म्हणून मी आज त्याच्याच, छोट्या विमानांच्या दुरुस्तीच्या या शेडमध्ये आहे, लेकरं शिकली. अण्णा गेल्याचं मला इथंच कळलं, तेही महिन्यानं. तेव्हा मालकानं ते पत्र मला दाखवलं. "शाळा कमी, हाताला सफाई आहे. कष्टाला मागं हटत नाही. चुकला तर आपणहून सांगतो."

साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका विमानाचा बोल्ट माझ्याकडून ढिला राहिला. कुणी विचारायच्या आत मालकाकडं गेलो आणि सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली, कागद पुढं ओढला आणि कामाला लागला. त्याला नवल वाटलंच नाही. त्याच्या लेखी मी पहिल्यापासून तसाच होतो.