डब्यातली दुसरी दारू

अमेरिकेत ईडन प्रेरीला असताना मी आणि ऑफिसातला एक नागपूरकर मित्र त्याच्या गॅरेजमध्ये मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या घरीच भरायचो. काडतुसाच्या रिकाम्या पितळी केसमध्ये बंदुकीची दारू काट्यावर तोलून घालायची आणि वर बुलेट बसवायची. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा, हा नियम त्यानेच मला शिकवला होता. चुकीच्या दारूने तेवढ्याच वजनात दाब इतका वाढतो की रिव्हॉल्व्हर हातातच फुटू शकतं.

एका शनिवारी काट्यावर मला बारीक गोल दाण्यांत चपट्या चकत्या दिसल्या.

"हे काय?"

"मागच्या आठवड्यात चुकून दुसरी पडली यार. अख्खा डबा फेकू का? काही होत नाही."

"म्हणजे माझी बायको आज घेऊन गेली त्या गोळ्यासुद्धा याच डब्यातल्या?"

"तू पण ना, घाबरट अकाउंटंट!"

त्याच्या शब्दावर मी गोळ्यांचा तो बॉक्स तिच्या हातात दिला होता. फोन लावला. ती नुकतीच शूटिंग रेंजच्या पार्किंगमध्ये पोचली होती. बॉक्स उघडूच नकोस, असं तिला सांगितलं.

वळून पाहिलं, तर तो त्याच डब्यातून पुढची केस भरत होता.