भरतीचा अर्थ

नवसाविरुद्धचं पत्रक मी लिहिलं तेव्हा त्याची पहिली श्रोती माझी आईच होती. औरंगाबादच्या गुलमंडीवर वाटण्याआधी मी ते स्वयंपाकघरात तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. देवाशी सौदा करणारा माणूस स्वतःचाच अपमान करतो, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. आई भाकरी थापत ऐकत होती. शेवटची भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "लई चांगलं लिहिलं. मग तुझ्या बापासाठी मी देवाला बोलले, त्याचं काय करू?"

पोलीस ॲक्शनच्या आधी वडील निजामाच्या तुरुंगात होते, कारण आमच्या घरात पत्रकं छापली जात. आई बिडकीनला माहेरी जाताना ती पत्रकं ज्वारीच्या पोत्यात घालून न्यायची आणि रझाकारांच्या नाक्यावर मान वर करून उभी राहायची. पुढं तिला निजामी सरहद्दीपलीकडच्या शिबिरात आसरा घ्यावा लागला. तिथं सेवेला आलेल्या मालवणकडच्या एका बाईनं तिला सांगितलं की आमच्याकडे एका लहानशा बेटावर खडकातला महादेव आहे, त्याला समुद्रच अंघोळ घालतो. आई तिथल्या तिथं नवस बोलली: माणूस जिवंत परत आला तर पैठणच्या गंगेचं पाणी माझ्या हातानं त्या पिंडीवर घालीन. वडील परत आले, त्यानंतर वीस वर्षं जगले. नवसाचा विषय निघाला की हसून उडवून लावायचे. ते गेले त्या वर्षीच आईनं गोदावरीचं पाणी गडूत भरलं आणि त्याचं तोंड लाखेनं बंद केलं. वडिलांच्या त्या पत्रकांवर अक्षरं गिरवून मी वाढले होते. तिला एकटीला जाऊ देणं मला जमेना आणि नवसासाठी निघाले म्हणायची लाज वाटे. मैत्रिणींना मी सांगितलं, समुद्र बघायला चालले आहे.

दोन दिवस एस.टी.त काढून आम्ही मालवणला पोचलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना एका होडीवाल्यानं आम्हाला बेटावर सोडलं. पिंडी बेटाच्या मागच्या अंगाला, वाळूच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडच्या खडकात आहे, असं त्यानं सांगितलं आणि दुपारी न्यायला येतो म्हणाला. जाताना बजावलं, "आठानंतर भरती असा, त्याच्या आधी मागे येवा." आमचं घर छावणीजवळ. भरती म्हटलं की आमच्याकडे मैदानावर उघड्या अंगानं धावणारी शे-दोनशे पोरं आणि शिट्टी फुंकणारा हवालदार. भरती-ओहोटी मी भूगोलात पाठ केली होती, पण कानानं छावणीचाच अर्थ उचलला. इतक्या लांब पोरं धावायला येतात याचं मला नवलच वाटलं.

तो किनारा मी विसरणार नाही. माणूस नाही, होडी नाही, ओल्या वाळूवर फक्त खेकड्यांच्या पायांची नक्षी. सुरूच्या झाडांतून वारा वाहत होता आणि पाणी इतकं संथ होतं की आई कितीतरी वेळ चप्पल हातात घेऊन नुसती उभी राहिली. साठीला टेकलेल्या माझ्या आईनं समुद्र कालपर्यंत पाहिला नव्हता. मी तिला घाई केली नाही. पट्टी ओलांडून आम्ही खडकात शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आई पिंडीपाशी बसून गडूची लाख खरवडू लागली. लाख काही केल्या सुटेना.

सहज मागं पाहिलं तर पट्टी निम्मी झाली होती. मी आभाळाकडं पाहिलं. ढगाचा ठिपका नव्हता. आमच्याकडे पाणी वाढतं ते वरच्या अंगाला पाऊस झाला तर. कोरड्या आभाळाखाली चढणारं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या क्षणी भरतीचा खरा अर्थ कळला. आम्हा दोघींनाही पोहता येत नव्हतं. मी आईला म्हटलं, राहू दे ते पाणी, आधी चल.

"नाक्यावरून मी कधी मागं फिरले नाय," खाली मान घालून लाख खरवडत ती म्हणाली. "हितून फिरू व्हय?"

मी ओरडून मदत मागितली. कोणाकडे, ते मला सांगता येणार नाही. समोरच्या किनाऱ्यावर तर कोणीच नव्हतं. मग पलीकडच्या खडकाआडून काष्टा खोचलेली, कमरेला टोपली बांधलेली एक म्हातारी पाण्यातून चालत आली. खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं काढणारी होती. तिला सगळं एका नजरेत कळलं. मला वाटलं, ती आईला ओढून नेईल. ती खडकाला टेकली आणि आईला म्हणाली, "ओत गो बाय आधी. मी हय असंय."

लाख निघाली. आईनं गडू दोन्ही हातांनी धरून पाणी घातलं. त्याच दमात एक लाट कपारीत शिरली आणि पिंडीवरून ओसरली. आईच्या चेहऱ्याकडे मी पाहत राहिले. नाक्यावर ती अशीच उभी राहत असेल, असं वाटलं आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला.

परतताना पाणी कमरेपर्यंत होतं. म्हातारीनं आईचा हात धरला, आईनं माझा. "मी पाय ठेवतंय थंयच पाय ठेव," एवढंच ती सांगे. शरण जाणं म्हणजे हार, असं मी लहानपणापासून वाचत आणि लिहीत आले. त्या पाण्यात मला तळ दिसत नव्हता, एक अक्षर न वाचलेल्या बाईच्या पावलावर पाऊल टाकत होते, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही. आईला जे माझ्या जन्माआधी कळलं होतं, ते मला इथं कळलं.

किनाऱ्यावर म्हातारीनं सांगितलं की ती आज येणारच नव्हती. काल कालवं फोडायचं हत्यार खडकावर विसरली म्हणून आली. यात देव होता की विसराळूपणा, हा वाद मी घालणार नाही. ती वेळेवर आली, याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. ते नवसाविरुद्धचं पत्रक मी मागं घेतलेलं नाही. फक्त त्यातला 'अपमान' हा शब्द खोडला आहे.

म्हातारीनं आईला विचारलं, कुठल्या, आणि ही कोण? आईनं ओला पदर पिळला, माझ्याकडं पाहिलं.

"औरंगाबादच्या. ही माझी लेक," ती म्हणाली. "पत्रकं लिहिती. बापावर गेलीय."