तांबूस गुलाबाला चिंचेचं पाणी

मी एकदा गुलाबाला महिनाभर चिंचेचं पाणी घातलं होतं. हसा खुशाल! त्या दीडशहाण्या नव्या सुनेला मीही अजून हसते.

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आणि आपला लाडका तांब्याच्या रंगाचा गुलाब माझ्यावर सोपवून गेल्या. सकाळी झळकणारं फूल दुपारपर्यंत गुलाबी व्हायचं. मला वाटलं, रंग उडतोय, आता बोलणी बसणार. मग काय, रोज देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासायची आणि ते पाणी आळ्यात ओतायचं! तांबं मिळालं की रंग टिकेल, हे माझं शास्त्र. रोप वाळून गेलं.

आज माझ्या बागेतलं तसलंच फूल वाटीत ठेवलंय. ऊन चढतंय तसं ते हळूच गुलाबी होतंय. तेव्हा मात्र जरा काही बदललं की मला ती आपलीच चूक वाटायची.

सासूबाई परतल्यावर मी रडतरडत सगळं सांगितलं. वाळक्या काडीकडे बघून त्या म्हणाल्या, "अगं वेडे, तो गुलाबी होतोच. रोप दुसरं लावू. महिनाभर चिंच चोळलीस? हात दाखव बघू आधी."