एकसष्ट नंबरची ठकी

लिलाव अकराला होता आणि मेस्त्री साडेआठलाच बायकोला घेऊन बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभे होते. शर्टाच्या खिशात काड्यापेटी. तिच्यात काड्या नव्हत्या. कापसात गुंडाळलेला अंगठ्याएवढा एक काळा तुकडा होता. त्याला रोटर म्हणतात. तो नसला की ठिणगी इंजिनापर्यंत पोचत नाही, मग चावी कितीही फिरवा, गाडी नुसती खोकत बसते.

"सारखं काय चाचपताय?" बायको म्हणाली. "लोकांना वाटेल विडीवाचून जीव चाललाय."

"विडी सोडून बावीस वर्षं झाली."

"मला माहितीये. लोकांना कुठं माहितीये?"

मेस्त्रींना हसू आलं नाही.

या बंगल्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. साहेबांना जुन्या गाड्यांचा नाद. नाद तरी कसा, तर घरात माणसं तीन आणि गाड्या तेवीस. मागच्या गॅरेजला लागून एक खोली, तिथंच मेस्त्रींचा संसार. एकदा साहेबांनी कुठल्याशा खुराड्यातून पत्र्याचा एक ढीग उचलून आणला. मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. तो ढीग मेस्त्रींनी अकरा वर्षं ठोकून, घासून, जोडून उभा केला. छोटी, गोल गालांची, क्रीम रंगाची गाडी. बायकोनंच नाव ठेवलं, ठकी. "माझ्या अंगावर कधी एवढा हात फिरवला नाही," असंही वर म्हणाली होती.

ठकी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी साहेब म्हणाले, "मेस्त्री, ही तुमची. माझ्यामागे घेऊन जा."

कागद नव्हता. साहेब गेले, त्यांचा मुलगा आला, त्यानं गाड्या लिलावाला काढल्या आणि खोली महिनाअखेर सोडा म्हणाला. एकोणसाठाव्या वर्षी, डावा हात थरथरणाऱ्या माणसाला कोणतं गॅरेज कामावर घेणार? पण एका लग्नाच्या हॉलवाल्यानं शब्द दिला होता: अशी गाडी आणा, चालवायला तुम्हीच या, हंगामभर काम देतो. म्हणजे ठकी होती तर पोट होतं. नाहीतर काही नव्हतं.

म्हणून मेस्त्रींनी डोकं लढवलं. लिलावाआधी गाड्यांची तपासणी होणार होती, तिच्या आदल्या दिवशी रोटर काढून काड्यापेटीत टाकला. बंद गाडीला कोण विचारतो? स्वस्तात जाईल, आपण घेऊ, रोटर बसवू, चालवत बाहेर काढू.

"चोरी आहे ही," बायको तेव्हाच म्हणाली होती.

"चोरी कसली? माझीच आहे ना ती?"

"मग हात का कापतोय?"

"तो नेहमीच कापतो."

फाटक उघडलं. हिरवळीवर गाड्या ओळीनं मांडल्या होत्या, काचा चकचकीत पुसलेल्या. मेस्त्री ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. ठकी नव्हती. मेस्त्रींनी विचारल्यावर टेबलाशी बसलेल्या मुलीनं यादीवर बोट फिरवलं.

"एकसष्ट नंबर ना? ती गाड्यांमध्ये नाही काका. सुट्या भागांमध्ये आहे. मागच्या शेडमध्ये बघा."

"सुट्या भागांमध्ये?"

"चालत नाही म्हणून. दिवे वेगळे, दारं वेगळी, इंजिन वेगळं."

मेस्त्रींना आता कळलं. तपासायला आलेला माणूस पेन घेऊन आला होता, पाना घेऊन नाही. त्यानं चावी फिरवली, गाडी खोकली, त्यानं लिहून टाकलं. आणि ते लिहायला लावलं कुणी? मेस्त्रींनीच.

शेडमध्ये ठकीच्या दारावर खडूनं रेघ मारलेली होती. रेघेशी भंगारवाला उभा. जुन्या गाड्या कापण्यात हात बसलेला, म्हणून सगळे त्याला करवत म्हणायचे.

"या मेस्त्री! मडगार्ड मी घेणार. दिवे त्या चष्मेवाल्यांना हवेत. चार वाजेपर्यंत हिला मोकळी करतो बघा."

"कापू नका हो तिला."

"मग काय ओवाळू?"

दोघंतिघं हसले. लिलाववाला आलाच. आधी दिव्यांची जोडी. चष्मेवाल्यानं बोलीची पाटी वर केली, करवतनं केली, पुन्हा चष्मेवाल्यानं. बायकोच्या बांगड्या मोडून आणि होतं नव्हतं ते गोळा करून मेस्त्रींनी जी रक्कम आणली होती, ती नुसत्या दिव्यांनीच ओलांडली. मेस्त्रींची पाटी मांडीशीच राहिली.

"एक वार..."

बायकोनं त्यांचं मनगट धरलं. "गप्प राहा. तुरुंगात टाकतील."

"दोन वार..."

"थांबा!" मेस्त्री ओरडले. आवाज फाटला. "ती चालते. कापू नका, ती चालते!"

साहेबांचा मुलगा पुढे आला. "काय तमाशा आहे? तपासणीत बंद होती ती."

"मी बंद केली होती."

बायकोनं डोळे मिटून घेतले.

मेस्त्रींनी काड्यापेटी काढली, बॉनेट उघडलं. हात असा थरथरत होता की रोटर दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बायको आत वाकली, एका हातानं वायरींची टोपी बाजूला धरली, दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट. अकरा वर्षं बॅटरीचा उजेड धरून ती याच जागी उभी राहिली होती. तुकडा बसला. मेस्त्रींनी चावी फिरवली. ठकी खोकली, थांबली, पुन्हा खोकली, आणि मग शिलाई मशीनसारखी एका लयीत सुरू झाली.

करवतनं आपल्या बोटांवरचा खडू पँटला पुसला. "आयला," एवढंच म्हणाला.

मुलगा लिलाववाल्याच्या कानाशी लागला. लिलाववाल्यानं घसा साफ केला. "दिव्यांची बोली रद्द. नंबर एकसष्ट, पूर्ण गाडी, चालू स्थितीत."

पहिली पाटी मेस्त्रींची वर गेली. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि एक श्वासभर दुसरी पाटी वर गेली नाही. मग चष्मेवाल्यानं दुप्पट बोली लावली.

मिनिटभरात संपलं.

"पोलिसांत देऊ शकतो मी तुम्हाला," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "बाबांसाठी देत नाही. पण खोली आज रिकामी करा. महिनाअखेर नाही, आज."

मेस्त्रींनी मान हलवली. चष्मेवाल्याचा ड्रायव्हर आत बसला होता; ते त्याच्या खिडकीशी वाकले. "दुसरा गिअर टाकताना थोडं थांबायचं. एक श्वास. घाई केली तर ओरडते ती."

"हो हो," ड्रायव्हर म्हणाला. कानाला फोन होता.

फाटकाशी ठकी ओरडली. मेस्त्रींचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला, क्लच नसताना. मग आवाज लांब गेला.

"चला," बायको म्हणाली. "आवरायचंय."

"जायचं कुठं?"

मोकळ्या मनगटावर तिचा हात फिरत होता.

"गॅरेजातले पाने कुणाचे? त्यांचे की आपले?"

"माझे."

"सगळे?"

"सगळे."

"मग आधी ते उचलू. त्यांच्यावर नंबर चिकटवायच्या आत."