बिनडोक्याच्या गिटारची पट्टी

खुर्ची पुढे केली, की तो म्हणायचा, “असू द्या. मी असाच बरा.” आणि बोलता बोलता येरझाऱ्या घालायला लागायचा. सोसायटीच्या सभेत आम्ही सगळे सतरंजीवर, आणि हा मागे भिंतीपाशी, या पायावरून त्या पायावर. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त मास्तरांनी एकदा विचारलं, “अहो, आपण सभासद आहात की पहारेकरी?” तो हसला. बसला मात्र नाही.

अमरावतीकडचा. तिशीचा, एकटा. हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला. त्या वर्षांत बिबवेवाडीत असे बरेच जण भाड्याने राहायला येत. सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभे असत. नावं लक्षात राहायच्या आत घरं बदलत. हा लक्षात राहिला तो त्याच्या गिटारमुळे.

तळमजल्यावर माझं छोटं वर्कशॉप होतं. दवाखान्यातल्या खाटांचे आणि चाकाच्या खुर्च्यांचे सुटे भाग मी बनवायचो. एका रविवारी तो खांद्याला काळी पिशवी लावून आला. आतून गिटार निघाली, पण तिला वरचं डोकंच नव्हतं. जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात, तिथे दांडा मध्येच तोडल्यासारखा संपत होता. खाली अंग म्हणाल, तर पोळपाटाएवढं.

“डोकं कुठे पाडलंत?” मी विचारलं.

“ही अशीच येते काका. बेस गिटार आहे, खर्जातली. खुंट्या खाली आहेत. वजनाला हलकी म्हणून घेतली नं.”

त्याने पट्टा गळ्यात अडकवला आणि हात सोडले. गिटार आपली डावीकडे निघाली. दांड्याचं टोक इतकं लांब गेलं, की ते गाठायला त्याला अख्खं अंग पिळावं लागलं.

“बघा, सरकून राहिली नं!”

“मग बसून वाजवा की.”

त्याची येरझार थांबली. “बसता येत नाही काका,” तो म्हणाला.

पाठीच्या मणक्यातली गादी सरकली होती. थोडा वेळ बसलं, की कमरेपासून पायापर्यंत आग उठायची. मित्रांबरोबर वाजवणं कधीच सुटलं होतं. जुनी जड गिटार विकून टाकली होती. वजन नको, पीळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑफिसात तो सारखा पाणी प्यायला उठायचा. लोकांना वाटायचं, याला तहान फार.

“सांगितलं नाही तुम्ही तिथे?”

“काऊन सांगू? माणसं कमी करायची वेळ आली, तर कमरेचा माणूस पहिला जाईल.”

आम्ही अख्ख्या सोसायटीने त्याला चुळबुळ्या ठरवून टाकलं होतं.

पट्टा अडकवायचं वरचं बटण खरं तर दांड्याच्या बाजूला, बरंच पुढे हवं होतं. पण तिथे गिटारला अंगच नव्हतं. म्हणजे पाठीमागे एक पट्टी बसवून ती दांड्याच्या बाजूला पुढे काढायची आणि तिच्या टोकाला बटण बसवायचं. मला हे अगदी सोपं वाटलं. पहिली पट्टी मी लोखंडाची केली, खाटेला शोभेल अशी. त्याने गिटार गळ्यात घातली आणि वजनाने वाकून लगेच काढून ठेवली. दुसरी पातळ ॲल्युमिनियमची. हलकी झाली, पण जाड तार छेडली की पट्टीही झणझणायची. “माशी घुसली काका हिच्यात,” तो म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला. त्याचं ते चालणं बघून मलाही एका जागी उभं राहवेना.

बटण आणायला बुधवार पेठेत गेलो. वाद्यांच्या दुकानात विचारलं, “हे कुठे बसवलं म्हणजे तोल राहील?”

“आम्ही बटणं विकतो,” दुकानदार म्हणाले.

शेवटी आम्ही पुठ्ठ्याची पट्टी कापली. तो डोळे मिटून वाजवायचा, मी पट्टी बोटाने मागेपुढे सरकवायचो. “अजून थोडं. नाही, मागे. हं, तिथेच.” त्या मापाची ॲल्युमिनियमचीच जाड पट्टी कापली, आणि ती झणझणू नये म्हणून खाली चामड्याचा तुकडा घातला.

आता गिटारच्या लाकडाला भोक पाडायचं होतं.

“लाकूड फाटलं तर?”

“तर फाटेल.”

तो बाहेर पडला आणि इमारतीला फेऱ्या मारायला लागला. खिडकीतून दर फेरीला दिसायचा. मी आधी बारीक भोक पाडलं, स्क्रूला साबण चोळला, हळूहळू पिळायला घेतला. अर्ध्यावर लाकूड करकरलं. माझा हात थांबला. खिडकीत तोही थांबला होता.

“काय झालं?”

“चालत राहा!” मी ओरडलो.

लाकूड फाटलं नाही. तो आत आला, पट्टा अडकवला, हात सोडले. गिटार जागची हलली नाही. मग तो वाजवायला लागला. पाठ ताठ, डोळे मिटलेले, दोन्ही पाय जमिनीवर. या माणसाला असं स्वस्थ उभं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याला थांबवायचं माझ्या जिवावर आलं. मी उगीच पान्हे पुसत बसलो.

कंपनीच्या वार्षिक समारंभात त्याने वाजवलं. आम्हा नवरा-बायकोला आग्रहाने नेलं होतं. सभागृह टाळ्या देत होतं आणि माझी नजर त्या स्क्रूंवर. गाणी कोणती झाली, ते हिला विचारा.

पुढे परदेशातलं काम आटलं आणि कंपनीने माणसं कमी केली. कमरेचं तिथे शेवटपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. तरी त्याला काढलंच. काही महिने तो पुण्यात वणवण फिरला, मग बंगलोरला नोकरी लागली. तिथेही मित्र जमवलेत, उभ्यानेच वाजवतो, असं मधूनमधून फोनवर सांगायचा. नंतर फोनही विरळ झाले.

तो बंगलोरला निघाला त्या सकाळी सामान आधीच रवाना झालं होतं. गिटार मात्र त्याने कुणाच्या हाती दिली नव्हती. फाटकाशी रिक्षा उभी, आणि हा गळ्यात गिटार अडकवून आमच्या दारात.

“काकू, एकदा ऐका.”

विजेशिवाय त्या गिटारचा आवाज तो कितीसा! ही म्हणाली, “मला काहीच ऐकू येत नाही रे.”

“मग हात ठेवा.”

हिने पुढे होऊन त्या लाकडावर तळवा टेकवला. त्याने जाड तार छेडली.

“अगं बाई,” ही म्हणाली.

तो वाजवत राहिला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. हिने हात काढला नाही.