तीनचा भोंगा

आमच्या सोसायटीतली पोरं रविवारी टीव्हीपुढे ठाण मांडून बसतात. पडद्यावर त्यांच्याच वयाची पोरं नाचतात, गातात, नकला करतात, आणि मागे बसलेल्या आया "काय गोड गं" करत राहतात. मी उठून आत जाते आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुते. परवा शेजारची सून विचारत होती, आजी, तुम्हाला लहान मुलं आवडत नाहीत का? डोंबल! अगं, तुझी सासू पाळण्यात होती तेव्हा असला कार्यक्रम मी स्वतः चालवलाय, इथेच, चिंचवडला. टीव्ही कुठला, अख्ख्या चाळीत रेडिओ एक. आमचा कार्यक्रम पाण्याच्या टाकीवर बांधलेल्या कर्ण्यातून व्हायचा.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. स्टेशनजवळ एक ओतशाळा होती, लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. त्याच्या भिंतीला लागून कामगारांच्या चाळी आणि चाळींच्या टोकाला वेल्फेअर सेंटर. तिथे मी पोरांवर देखरेख करणारी बाई म्हणून लागले. वय बावीस, शिक्षण सातवी, नवरा विषमज्वराने गेलेला, आणि पाच वर्षांची लेक साताऱ्याकडे दिरांच्या घरी. नोकरी सहा महिन्यांची, हंगामी. राहायला एका खोलीतली तिसरी खाट, बाकी दोन खाटा दवाखान्यातल्या नर्सबायांच्या. नोकरी पक्की झाली तर माझ्या नावावर खोली मिळणार होती, आणि खोली मिळाली तरच लेक माझ्याजवळ येणार होती.

दीर वाईट नव्हते. त्यांची स्वतःची चार होती, घरात आणखी दोघींना जागा नव्हती, आणि हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. माझ्या जावेची बहीण खानदेशात दिलेली. तिला मूलबाळ नव्हतं आणि तिने माझी लेक दत्तक मागितली होती. पोरीचं कल्याण होईल असं सगळेच म्हणत होते. कल्याणाला मी कुठे नाही म्हणत होते! पण एकदा ती तिकडे गेली की माझी राहणार नव्हती. दिरांनी मला सहा महिने दिले होते.

आता कार्यक्रमाचं सांगते. आमच्या कारखान्याची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. म्हणजे रविवारी पोरं मोकाट आणि बाप एक तर कामावर, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेले. दर रविवारी पोरांच्या कालव्यावरून भांडणं व्हायची. वेल्फेअरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की बाई, ही पोरं दुपारी अर्धा तास तरी एका जागी बसतील असं काहीतरी करा. मी न विचार करता बोलून गेले की सूचना द्यायचा तो कर्णा आहे ना, त्यावर पोरांना गाऊ द्या. साहेबांना ते आवडलं. कारखान्याचे थोरले साहेब एखाद्या रविवारी ऐकायला येतील, त्यांना पटलं तर तुमच्या पक्क्या नोकरीचं मी बोलतो, असं म्हणाले. झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

पहिला रविवार आठवला की अजून कानशिलं तापतात. दहा पोरं ठरली होती, चार आली. एक माइक बघूनच रडायला लागलं. दुसऱ्याला गाणं म्हण म्हटलं तर त्याने सत्तावीसचा पाढा सुरू केला आणि निम्म्यात अडकला. तिसरीने माइकवरून आईला ओरडून सांगितलं की धाकट्याने परत शी केलीय. सगळ्या चाळीने ते ऐकलं. चौथा बोललाच नाही, नुसता माइकवर श्वास सोडत राहिला आणि टाकीवरून घूं घूं असा आवाज गावभर गेला. सोमवारी गावठाणातल्या दोन बाया सेंटरच्या दारात उभ्या. त्यातली थोरली म्हणाली की तुमच्या त्या कर्ण्यानं आमच्या म्हशी पान्हा सोडंना झाल्यात, एवढं बंद करा. मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, काय सांगू.

पण मी सोडणार नव्हते. रोज संध्याकाळी दारोदार फिरून पोरं गोळा केली. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलायला शिकवलं, म्हणजे स्वतःच्या आवाजाची भीती मोडते. मराठवाड्याकडून आलेल्या एका कुटुंबातली पोरगी भारुडाचा ठेका धरायची, तिला पुढे आणलं. कोकणातली दोन भावंडं भांडणाची अशी नक्कल करायची की ऐकणारी माणसं हसून लोळायची. कर्णा सांभाळणारा वायरमन शेजारच्या अडगळीच्या खोलीत मशीन घेऊन बसायचा. भला माणूस. मला ताई म्हणायचा आणि खरखर झाली की भिंतीवर दोनदा ठोकायचा. पाचव्या रविवारी एक आजोबा स्टूल घेऊन टाकीखाली येऊन बसले, आणि सातव्या रविवारी त्याच गावठाणातल्या बाया विचारत आल्या की आमच्या पोरास्नी कवा घेताय. मला वाटलं, जमलं. आता जमलंच.

अशात दीर लेकीला घेऊन आले. सहा महिने संपायला आठच दिवस राहिले होते. पुण्यात त्यांचं काही काम होतं. म्हणाले की पुढच्या सोमवारी येतो, खोलीचं झालं तर पोर ठेवून घ्या, नाहीतर मी खानदेशात पोचवतो, तिकडची माणसं वाट बघतायत. आणि नेमक्या त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, थोरले साहेब कार्यक्रमाला यायचे ठरले होते.

लेक जवळजवळ सहा महिन्यांनी भेटत होती. पहिल्या रात्री ती माझ्या पदराला गाठ मारून झोपली. सकाळी मला सातच्या भोंग्याला सेंटरवर जायचं. स्वतःचं मूल कामावर आणायचं नाही असा नियम, आणि नर्सबायाही दिवसभर दवाखान्यात. मी काय करणार होते? पोळी झाकून ठेवली, तांब्याभर पाणी ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. हो, कडी घातली. आता कुणी नावं ठेवायची तर ठेवा. दाराच्या फटीतून तिला सांगितलं की दुपारी तीनचा भोंगा होईल, तो झाला की मी आलेच. आणि मी यायची. भोंगा झाला की चप्पल हातात घेऊन पळत यायची. कडी काढली की ती दाराशीच उभी असायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी नर्सबाईंनी मला गमतीने सांगितलं की तुझी पोरगी तांब्या तोंडाला लावून भोंग्याची नक्कल करते, आम्हीसुद्धा फसलो. मी हसले. म्हटलं, पोर आपल्या बापावर गेलीय, तोही हुबेहूब नकला करायचा. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही.

रविवार उजाडला. कार्यक्रम दोन ते अडीच. थोरले साहेब खुर्चीवर, वेल्फेअरचे साहेब शेजारी उभे. भारूड झालं, भांडणाची नक्कल झाली, थोरले साहेब चक्क हसले. वेल्फेअरच्या साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली तेव्हा माझे डोळे भरून आले. शेवटचं गाणं एका मुलीचं होतं. तिची आई धावत आली आणि म्हणाली की पोरीला गालगुंड झालंय, तोंड उघडत नाही. सगळी पोरं म्हणून झालेली. दहा मिनिटं उरलेली, आणि साहेबांनी आधीच बजावलेलं की थोरल्या साहेबांपुढे मध्येच बंद पडलं तर चालणार नाही. मी भांडण करणाऱ्या भावंडांना पुन्हा माइकपुढे उभं केलं आणि खोलीकडे पळत सुटले. कडी काढली, लेकीला कडेवर घेतलं. तिच्या हातात तांब्या होता. तो काढून घ्यायचंही मला सुचलं नाही.

वाटेत तिला सांगितलं की तुझी आजी दळताना म्हणायची ते म्हण, दोन ओव्या म्हण, बस्स. ती हो म्हणाली. माइकपुढे उभी केली. माझ्या बांगड्या वाजतात म्हणून मला नेहमी पडद्याआड जावं लागायचं, तशी मी गेले. तिला दिसेना मी कुठे गेले. समोर सगळी परकी माणसं. मग तिने तांब्या तोंडाला लावला.

मी खूप भोंगे ऐकले आयुष्यात. तसला नाही ऐकला. आधी खालून, मग चढत चढत, आणि कर्ण्यातून तो कारखान्याच्या भिंतीवर आदळून परत आला. पडदा सारून मी धावेपर्यंत तिचा एक पूर्ण श्वास झाला होता. मी अडगळीच्या खोलीकडे बघितलं, वायरमनने बटण बंद करावं म्हणून. तर वायरमन जेवणाचा डबा उचलून, टोपी घालून दाराशी निघालेला. जो बंद करणार तोच घरी चालला होता! थोरल्या साहेबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

आता हे नीट समजून घ्या. घड्याळ साहेबांकडे होतं, कामगारांकडे नव्हतं. सगळी वस्ती भोंग्यावर जेवायची, भोंग्यावर झोपायची. त्यात आधी पाळी संपल्यावरही माणसांना दहा-पंधरा मिनिटं फुकट राबवून घ्यायचे, म्हणून कामगारांनी आपसात ठरवलं होतं की भोंगा झाला की हात खाली. हातातलं काम पुढच्या पाळीच्या माणसाने उचलायचं. तसं ते रोज बिनबोभाट चालायचं. त्या दिवशीही भोंगा झाला आणि सगळ्यांनी हात खाली केले. वितळलेल्या लोखंडाचं भांडं साच्याशी आणलं होतं, ते तिथेच ठेवून माणसं फाटकाकडे निघाली. ते उचलणारी दुसऱ्या पाळीची माणसं अजून चाळीत अंथरुणातून उठून सदरे शोधत होती. अडीच वाजायचे होते. खरं काय ते कळेपर्यंत लोखंड भांड्यातच थिजलं. कुणाला इजा झाली नाही, हे देवाचे उपकार. पण दिवसाचं काम गेलं, साचे गेले, आणि थोरले साहेब माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी लेकीला मारलं. सगळ्यांसमोर नाही, बाहेर नेऊन, टाकीच्या मागे. एकच थोबाडीत मारली, पण जोरात. विचारलं, ओव्या म्हण सांगितलं होतं ना, हे काय केलंस? का केलंस?

ती रडली नाही. गालाला हात लावून म्हणाली, "तू दिसंना झालीस. भोंगा झाला की तू येतीस न्हवं?"

मी तिला कडेवर घेतलं.

संध्याकाळी वेल्फेअरच्या साहेबांनी बोलावलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "बाई, कर्णा उद्या उतरवतोय. तुमची जागाही बंद झाली. मी बोलून बघितलं, माझं चाललं नाही." मी म्हटलं, साहेब, झाडायला ठेवा, संडास धुवायला ठेवा, पण खोली द्या. त्यांनी मान खाली घातली. वायरमन स्वतःहून गेला आणि चूक माझी, बटण माझ्या हातात होतं, असं सांगून आला. त्यालाही कुणी विचारलं नाही. रात्रभर मी खाटेवर बसून वाटा शोधत होते. पळून जावं म्हटलं तर कुठे? माहेरी कुणी उरलं नव्हतं. महिनाअखेर ही खाटही सोडायची होती. लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून शांत झोपली होती. कडी लागणार नाही म्हणून खुशीत असावी.

सोमवारी दीर आले. मी काही सांगायच्या आधीच त्यांना माझ्या तोंडावरून कळलं. ते इतकंच म्हणाले, "वहिनी, जिवाला लावून घेऊ नका. तिकडं तिला दूधदुभतं हाय." मी तिचे दोन फ्रॉक पिशवीत घातले. तांब्याही घातला, तो ती सोडेना.

स्टेशन कारखान्याच्या पलीकडेच होतं. पुण्याकडे जाणारी गाडी तीनला काही मिनिटं असताना लागली. दिरांनी तिला खिडकीशी बसवलं. मी तिला खोटंच सांगितलं की चार दिवस पाहुणी जा, मग मी न्यायला येते. तिने मान डोलावली आणि गजातून माझं बोट धरलं. शिट्टी झाली, गाडी हलली, बोट सुटलं. मी डब्याबरोबर थोडं चालले आणि मग फलाट संपला.

आणि तेव्हा तीनचा भोंगा झाला. खरा, कारखान्याचा.

ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही हात गजांबाहेर काढून ती मी येण्याची वाट बघायला लागली, आणि गाडी वळेपर्यंत ते हात तसेच बाहेर होते.