कड्याखाली लावलेली जीप

सोनईच्या गोरक्षला गावात कुणी वाईट म्हणत नसे. स्वतःची जीप होती. शिंगणापूरला येणाऱ्या भाविकांच्या फेऱ्या करायचा, गाडीत म्हातारंकोतारं असलं की जपून हाकायचा. पण काष्टीला, सासुरवाडीला गेला की हा माणूस जरा वेगळा व्हायचा. तिथं तो पाव्हणा होता. हात धुवायला पाणी कुणीतरी आणून द्यायचं, पहिलं ताट त्याचं असायचं, आणि सासू बनुबाई त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती त्याला 'पाव्हनं'च म्हणायची. त्याला ते आवडायचं. आवडतं हे त्याच्या ध्यानातही येत नसे, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

यंदा धोंड्याच्या महिन्यात बनुबाईनं लेक-जावयाला बोलावलं, पुरणाचे धोंडे खाऊ घातले, कपडे केले. जेवणं झाल्यावर दाराआडून लेकीला म्हणाली, "रुपाले, कोकनात समिंदराच्या कड्यावर म्हादेवाचं देऊळ हाय म्हनत्यात. एकदा डोळ्यांनी बघावं असं लई दिस मनात हाय. पन पाव्हन्यास्नी तरास नगं."

गोरक्षनं ते ऐकलंच. "तरास कसला, मामी? घरची गाडी हाय."

वाटेत एक मुक्काम करून सकाळी ते पोचले. समुद्र बघून बनुबाई हात जोडून उभी राहिली. पण देवळाच्या पायऱ्या बघितल्या आणि तिचं तोंड उतरलं. जांभ्या दगडाच्या उंच पायऱ्या सरळ कड्यावर चढत होत्या. तिच्या गुडघ्यांना काष्टीच्या घराचा उंबरा जड जायचा.

रुपाली नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमी घ्या की आईला पाठीवर. लेकरावानी तर हाय वजनाला."

गोरक्षनं इकडेतिकडे बघितलं. पायऱ्यांवर माणसं होती, मोबाईल घेऊन फोटो काढत होती. जावयाच्या पाठीवर सासू! सोनईत कळलं तर चौकात बसू देणार नाहीत.

"मामींनाच लाज वाटंल," तो म्हणाला.

बनुबाईनं ऐकलं असावं. "तुमी जोडीनं जाऊन या," ती घाईनं म्हणाली. "म्या बसते गाडीत. माझा नमस्कार सांगा."

रुपालीला पायऱ्यांशी थांबवून, बनुबाईला ऊन लागू नये म्हणून त्यानं जीप खाली किनाऱ्यावर घेतली आणि कड्याच्या सावलीत लावली. ओली वाळू फरशीसारखी घट्ट होती. चहा-सरबताच्या टपरीवरची बाई ओरडली, "ओ भाऊ, गाडी वर काढा! भरती लागेल आता."

"मावशी, काळ्या रानातल्या चिखलातनं गाडी काढनारा मानूस हाय मी," गोरक्ष हसत म्हणाला. "ही तर वाळू. आन पानी कुठं ऱ्हायलं, बगा की!"

पाणी खरंच लांब होतं. पाणी आपल्या पायानं चालत येतं हे त्यानं ऐकलं होतं, पण विहिरीचं नाहीतर पाटाचं पाणी बघत वाढलेल्या माणसाला ते खरं वाटत नाही.

वर रांग होती. दर्शन झालं, रुपालीनं आईच्या नावानं वेगळा नारळ फोडला. मग दोघं कठड्याशी आली आणि गोरक्षनं खाली बघितलं. वाळू दिसत नव्हती. जीप पाण्यात उभी होती आणि लाटा तिच्या दारावर आपटत होत्या.

पायऱ्या तो कसा उतरला हे त्यालाच ठाऊक. खाली आला तर बनुबाई टपरीच्या बाकावर बसलेली, कमरेपर्यंत भिजलेली, हातात चहाचा कप. एका होडीवाल्यानं तिला जीपमधून पाठीवर घेऊन आणलं होतं. त्याचे सोबती जीपला दोर बांधत होते. जावई दिसताच तिनं ओला पदर डोक्यावर ओढला.

रुपाली रडतच ओरडली, "गाडी तिथं लावायला सांगितली कुनी?"

टपरीवाली बोलायला गेली, "मी यांना तेव्हाच..."

"म्याच सांगितली," बनुबाई मध्येच म्हणाली. "पान्याजवळ लावा म्हनलं. पाय भिजवायचे हुते मला. पाव्हन्यांची काय चूक?"

टपरीवालीनं गोरक्षकडे बघितलं. त्यानं बोलायला हवं होतं. त्यानं मान खाली घातली, आणि मग ती वर काढणं जास्त अवघड होऊन बसलं.

होडीवाला पन्नाशीचा, हसरा गडी होता. "आजी, देव बघायला एवढ्या लांब आलात, न बघताच जाणार? चला, नेतो वर. आताच आणलंय, तुमचं वजन कळलंय मला!"

बनुबाई हसली. मग हसू आवरून जावयाकडे वळली आणि म्हणाली, "पाव्हनं, जाऊ का?"

समुद्रात बुडता बुडता वाचलेली बाई त्याची परवानगी मागत होती. गोरक्षला वाटलं, हिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

"मी नेतो, मामी," तो कसाबसा म्हणाला.

"नगं बाई! तुमच्या पाठीवर कसं बसायचं? पाप लागंल मला." आणि ती परक्या माणसाच्या गळ्यात हात टाकून निघाली.

बाकाखाली तिच्या ओल्या चपला राहिल्या होत्या. गोरक्षनं त्या उचलल्या आणि मागून चढू लागला. उतरणारी माणसं आधी म्हातारीकडे बघायची, मग त्याच्या हातातल्या चपलांकडे. अर्ध्या वाटेवर तो रुपालीला म्हणाला, "मामी खोटं बोलल्या. गाडी मीच लावली तिथं. ती बाई नको म्हनत हुती."

"म्हाईत हाय," रुपाली म्हणाली. "आईनं समिंदर आजच बघितला. ती कशाला सांगल गाडी कुठं लावायची?"

"मग तू बोलली का न्हाईस?"

रुपालीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमाला बी तेच शिकीवलंय," ती म्हणाली, आणि आईला गाठायला भराभर पुढं गेली.